तिन्ही प्रश्नांत पास

आमच्या घरात सकाळचा पहिला चहा संपायच्या आत एक परीक्षा व्हायची. परीक्षक आमचे हे, आणि परीक्षेला बसणारी त्यांची थोरली बहीण, म्हणजे माझ्या वन्सं. परीक्षा फोनवर. "ताई, झोप लागली? रात्री जेवलीस ना?" हे दोन प्रश्न सरळ. तिसरा विचारायचा नसे. त्यासाठी हे एखादा विनोद सांगत. शिळा असला तरी चाले. पलीकडून हसू ऐकू आलं की फोन ठेवून माझ्याकडे बघून म्हणत, "पास."

वन्सं कायम पास. कधी काठावर नाही की काही नाही. आणि रोज पास होता होता ही बाई मरणाच्या दारापर्यंत पोचली होती. ते कळलं त्या दिवशी बसलेला धक्का अजून माझ्या अंगातून पुरता गेलेला नाही. आपल्या माणसाला आपण रोज विचारतो आणि तरी आपल्याला काही म्हणजे काही कळत नाही, हे कसं?

ही परीक्षा आमच्याकडे आली ती सासूबाईंच्या आजारपणातून. मी नवी नवरी होते तेव्हा. सासूबाईंना अंधारातच जाग यायची, आणि उजाडेपर्यंत त्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावर हात चोळत बसलेल्या असायच्या. घास तोंडात फिरत राहायचा, गिळला जायचा नाही. कपडे अंगावर खुंटीला टांगल्यासारखे दिसायला लागले. शेजारच्या काकू नकला करून अख्ख्या गल्लीला लोळवायच्या, पण सासूबाईंसमोर त्यांनी जीव तोडून केलेली नक्कल म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. सकाळी अगदीच वाईट, संध्याकाळी तेवढ्या जरा बोलायच्या. पुढे मोठ्या इस्पितळात राहून त्या बऱ्या झाल्या, आणि काही वर्षांनी निराळ्याच दुखण्यानं गेल्या. पण भीती मागे राहिली. ह्यांनी ती भीती तीन गोष्टींत बांधून ठेवली. आधी झोप गेली, मग जेवण, मग हसू. या तीनवर लक्ष ठेवलं की आपल्याकडे पुन्हा तसं होणार नाही, अशी ह्यांची पक्की समजूत. मलाही सोडलं नाही त्यांनी. एकदा सर्दीनं माझं तोंड उतरलेलं दिसलं, तर वाफ घ्यायला पाणी ठेवायच्या आधी विनोद सांगितला.

वन्संचं दुकान बटणांचं. तेही सासूबाईंनीच काढलेलं. उताराच्या रस्त्याच्या तळाशी, बसथांब्यासमोर, दोन गिऱ्हाइकं आत आली की तिसऱ्यानं बाहेर थांबावं एवढंसं. पण भिंत बघण्यासारखी. जमिनीपासून छतापर्यंत छोटे छोटे लाकडी कप्पे, आणि प्रत्येक कप्प्याच्या तोंडावर बारीक तारेनं बांधलेलं एकेक बटण. आत काय आहे त्याचा नमुना. गिऱ्हाईक नमुन्याकडे बोट करणार, वन्सं शिडी सरकवून वर चढणार. पण बरेचसे नमुने सासूबाईंनी बांधलेले. मधल्या काळात माल बदलला होता आणि नमुने तेच राहिले होते. "नमुन्यावर जाऊ नका हो," वन्सं वरूनच ओरडायच्या, "आईच्या वेळचा आहे तो. आत बघून घ्या!"

तोंड असं की गिऱ्हाईक पैसे देऊन वर टोमणा विकत नेणार. एका गृहस्थांचं पोटावरचं बटण सारखं तुटायचं. वन्सं म्हणाल्या, "बटण देते, पण दोऱ्यालाही जरा श्वास घेऊ द्या." तेच गृहस्थ पुढच्या महिन्यात बायकोला घेऊन आले, तोच विनोद परत ऐकायला. नव्या ओळखीतल्या कुणी लग्नाचं विचारलं तर ठरलेलं उत्तर होतं, "लोकांच्या कोटाचं हरवलेलं बटण मी जुळवून देते. माझ्याच कोटाचं काही जुळेना." लोक हसायचे आणि विषय संपायचा.

मला पहिल्यांदा खटकलं ते शटर. बाजारात जाताना बघते तर दुकानाची वेळ उलटून गेली तरी शटर अर्धंच वर. वन्सं वाकून बाहेर आल्या.

"झोपले गं वहिनी, मेल्यासारखी झोपले."

"बरंय तुमचं," मी म्हटलं. पण डोळ्यांकडे बघितलं तर ते बिनझोपेच्या माणसासारखे. नंतर लक्ष ठेवून बघायला लागले. अंग सुटलं होतं. काउंटरखाली बिस्किटांचे पुडे, त्यातला एक नेहमी फोडलेला. समोरचा शिंपी, इतक्या वर्षांचा ओळखीचा, एकदा गमतीत म्हणाला, "बाई, हल्ली तुमच्यापेक्षा गोगलगाय बरी." पूर्वीच्या वन्संनी त्याला त्याच्याच टेपनं मोजून काढला असता. त्या हसल्या, आणि तो गेल्यावर त्यांच्या डोळ्यांतून पाणी. पुढे कित्येक दिवस तेच पालुपद: "मी नकोशी झालेय सगळ्यांना. तोंडावर कोण सांगणार?"

"अहो, गंमत केली त्यानं."

"कळतंय गं. पण लागायचं थांबत नाही ना."

आणि मग तो कप्पा. मी दुकानात बसले होते. एक बाई मुलाचा कोट घेऊन आल्या. गडद हिरवं, कडेला पितळी पट्टी असलेलं बटण हवं होतं. वन्सं मान वर न करता म्हणाल्या, "संपलं." बाई हिरमुसून गेल्या. मी सहज वर बघितलं तर सगळ्यात वरच्या ओळीत तेच बटण तारेला लटकलेलं. म्हटलं नमुना जुना असेल. शिडी लावली, चढले, कप्पा ओढला. काठोकाठ भरलेला! हिरवी बटणं, पितळी कडा.

"वन्सं, अहो, हा तर भरलाय!"

त्या काउंटरवर ठेवलेल्या आपल्या दोन हातांकडे बघत होत्या, कुणाचे तरी विसरून राहिलेले हात असावेत तसं.

"माहितीये."

"मग नाही कसं म्हणालात?"

"हात उचलत नाही गं. शिसं ओतल्यासारखे होतात हातपाय. वरच्या ओळी आता माझ्यासाठी संपल्याच आहेत."

मी शिडीवर उभी, हातात मूठभर बटणं. गिऱ्हाइकाला रिकाम्या हातानं परत पाठवणं म्हणजे पाप, असं मानणारी ही बाई. आणि ती भरल्या कप्प्याला संपला म्हणते?

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. हे लिफ्टच्या दुरुस्तीचं काम करतात, आणि जगातली प्रत्येक गोष्ट ह्यांना लिफ्टवरून समजते. "हे बघ, बटण दाबलं की लिफ्ट वर येते ना? मग मशीन ठीक आहे. ताईला विनोद सांगितला की ती हसते. आईचं कसं होतं, काही केलं तरी हलायचीच नाही. ताईचं वजन वाढलंय, दुसरं काही नाही."

तरी मी वन्संना आमच्या जुन्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनीच सासूबाईंना त्या वेळी पहिल्यांदा तपासलं होतं. रक्त तपासलं, थायरॉइड तपासलं, सगळं व्यवस्थित. "आईसारखं काही नाही हो," ते अगदी प्रेमानं म्हणाले. "आई डोळ्यांसमोर वाळत गेली होती. ही झोपते, खाते, आणि माझ्या विनोदावरसुद्धा हसते. माझ्या विनोदावर माझी बायको हसत नाही! सकाळी फिरायला जा, गोड कमी करा."

जिना उतरताना वन्सं म्हणाल्या, "घे, डॉक्टरांनीही पास केलं. आता नापास व्हायची सोयच उरली नाही." आणि हसल्या. मी त्यांच्या एक पायरी खाली होते, तोंड वर करून बघत होते. ते हसू पुढच्या पायरीपर्यंतसुद्धा टिकलं नाही. नळ बंद करावा तसं गेलं.

नंतरच्याच आठवड्यातली सकाळ. ह्यांनी फोन लावला. झोप? भरपूर. जेवण? पोटभर. मग लिफ्टमध्ये अडकलेल्या दोन मोठ्या साहेबांचा विनोद. पलीकडचं हसू मला ओट्यापाशी ऐकू आलं. "पास," हे म्हणाले आणि डबा घेऊन कामावर गेले.

मी सगळं आवरून वन्संकडे गेले, तर शटर पूर्ण खाली. मागच्या जिन्यानं वर त्यांच्या खोलीवर गेले, माझ्याकडच्या किल्लीनं दार उघडलं. वन्सं भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. उशाशी फोन. दुकानात घालायचा स्वेटर एका हातात चढवलेला, दुसरी बाही गादीवर रिकामी.

मी किंचाळलेच, "वन्सं!"

"आहे गं. ओरडू नकोस."

"अहो, आत्ता तर फोनवर हसत होतात!"

"हसले. खोटं नाही हसले. चांगला होता विनोद." त्यांनी ती रिकामी बाही चाचपली. मग म्हणाल्या, "फोन ठेवला आणि गेलं. दुसरी बाही घालायच्या आत गेलं."

मी त्यांना उठवून बसवलं, पाठीला उशी दिली. म्हटलं, आपण मनाच्या डॉक्टरांकडे जायचं, आजच. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी चक्रम आहे.

"आणि काय सांगायचं? झोपते, जेवते, हसते, अशी तक्रार आहे म्हणून? हाकलून देतील गं."

ह्यांना कामावरून बोलावून घेतलं. वाटेत हे माझ्यावरच चिडले होते. दुपारी आम्ही तिघं एका डॉक्टरीणबाईंच्या समोर बसलो. लहानशी खोली, खिडकीत एक कुंडी, टेबलावर पाण्याचा जग. बाई आमच्याच वयाच्या, पांढरा कोट घातलेल्या. वन्संची नजर सवयीनं त्या कोटावर गेली.

"डॉक्टर, वरून दुसरं बटण तुमचं नाही. उसनं आणलंय."

बाईंनी खाली बघितलं. "कमाल आहे! नवऱ्याच्या शर्टाचं आहे. आजवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं."

"शर्ट शोधत असतील बिचारे," वन्सं म्हणाल्या, आणि दोघी मनापासून हसल्या. ह्यांनी माझ्याकडे विजयी नजरेनं बघितलं. बघ, म्हटलं नव्हतं?

हसू ओसरल्यावर डॉक्टरीणबाईंनी खुर्ची जरा पुढे घेतली. हळू पण सरळ विचारलं, "जगणं नकोसं वाटतं का? स्वतःला संपवावं, असं मनात येतं?"

"हो," वन्सं म्हणाल्या. दुकानात 'चार भोकांचं आहे' सांगावं, त्या आवाजात. "हल्ली रोजच येतं. कसं, ते ठरवलं नव्हतं अजून. पण दुकान कुणाला द्यायचं ते ठरवलं होतं."

ह्यांच्या तोंडाचा रंग उडाला. त्यांच्या तोंडून निघालं ते एवढंच, "पण... पण ती आत्ता हसली!"

"हसल्या. खरंच हसल्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तेही खरं आहे आणि हेही खरं आहे."

मग त्यांनी आणखी पुष्कळ विचारलं. शरीर जड होतं का, कुणी बोललेलं फार दिवस लागून राहतं का, चांगलं काही घडलं तर बरं वाटतं का, आणि ते किती टिकतं.

"लिफ्ट वर येते की, बाळ्या," वन्सं एकदम भावाकडे वळून म्हणाल्या. आमचे हे टक्कल पडलं तरी त्यांच्यासाठी बाळ्याच. "बटण दाबलंस की येते वर. पण थांबत नाही. दार उघडायच्या आत परत खाली."

डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. डिप्रेशनचे निरनिराळे प्रकार मानतात. झोप उडते, अन्न नकोसं होतं, कशानंच मन हलत नाही, हा त्यातला एक, सासूबाईंच्या आजारासारखा. दुसऱ्यात बरोबर उलट: झोप वाढते, खाणं वाढतं, अंग शिशाचं होतं, आणि चांगलं काही घडलं की मन घटकाभर वर येतं. त्याचं नाव ऐकून मी चाट पडले. 'नेहमीच्या धाटणीचं नसलेलं', असं काहीसं. "म्हणजे हे क्वचित होतं?" मी विचारलं. "छे हो, कितीतरी जणांना होतं," बाई म्हणाल्या. "नाव ठेवणाऱ्यांनी दुसरं आधी पाहिलं होतं, इतकंच."

"कळलं," वन्सं म्हणाल्या. "नमुना आईचा बांधलाय, आत माल निराळा."

ह्यांना कुठेतरी पाय टेकायला जागा हवी होती. "म्हणजे हे आईचं नाही. हा त्यातल्या त्यात सौम्य प्रकार, असंच ना?"

डॉक्टरीणबाईंनी नकारार्थी मान हलवली. "प्रकारावरून किती खोल आहे ते कळत नाही. आत्ताच ऐकलंत ना तुम्ही? आणि खरं सांगू का, या प्रकारांच्या भिंती तुम्हाला वाटतात तेवढ्या पक्क्या नाहीत. चांगलं काही घडल्यावर मन वर येणं ही या प्रकाराची मुख्य खूण म्हणून आमच्या पुस्तकांत लिहिलेली असते. पण ती खूण बाकीच्या खुणांबरोबर नीट जातच नाही, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. काही माणसांत दोन्हीकडच्या खुणा असतात. काहींचा आजार एकदा एका रूपात येतो आणि पुढच्या वेळी दुसऱ्या. आमच्यातच यावर वाद आहेत. मी नाव लिहिते, त्याचा थोडा उपयोगही होतो. पण म्हणून बाकीचं विचारायचं सोडत नाही."

मला खरंच वाटेना. आम्ही ज्यावर इतकी वर्षं घर चालवलं, ते पक्कं नाही हे एक वेळ समजलं. पण ज्यांचं हे शास्त्र, त्यांचंही अजून ठरायचंय?

आणि तेवढ्यात वन्सं म्हणाल्या, "मग आईचंही तसंच असेल."

"कसं?" हे म्हणाले.

"तू रांगत होतास तेव्हा. एक अख्खा हिवाळा आई पलंगावर होती, बाळ्या. मी शाळेतून यायचे तर झोपलेली. उशीखाली बिस्किटं. तुला उचलून घ्यायला सांगितलं तर म्हणायची, हात जड झालेत. मग मीच तुला घ्यायचे. मावशी आली की उठून बसायची, खदखदून हसायची. मावशी गेली की परत पांघरुणात." त्या थांबल्या. "सगळे म्हणायचे, आळशी आहे. आजी म्हणायची, सोंग करते. सोंग नसतं तर हसली असती का? मीपण तेच म्हणायला लागले होते. तेव्हापासून मला वाटतं, जी हसते ती आजारी नसते. मग मी तरी कशी असेन?"

ह्यांनी डोकं दोन्ही हातांत धरलं. नंतरच्या आजारातली आई ह्यांना पाठ होती. त्या एकाच आजारावरून ह्यांनी ताईची परीक्षा काढली होती. आणि त्याच परीक्षेला त्या हिवाळ्यातली आई बसली असती, तर हमखास पास झाली असती! त्या दुपारी त्या खोलीत हे सगळं आम्हाला एकाच वेळी दिसलं. ह्यांना रडताना मी सासूबाई गेल्या तेव्हाही बघितलं नव्हतं.

"बाळ्या, पूस ते," वन्सं म्हणाल्या. "डॉक्टरांना वाटेल, पेशंट तू आहेस."

त्या दिवसापासून वन्सं आमच्याकडे राहायला आल्या. एकटीला ठेवायचं नाही, अशी डॉक्टरीणबाईंची सक्त ताकीद होती. औषध सुरू झालं, दर आठवड्याला बोलायला जाणं सुरू झालं. पहिल्या गोळ्यांनी नुसतं तोंड कोरडं पडलं, त्या बदलाव्या लागल्या. मधूनच एखादा दिवस बरा जायचा आणि आम्ही हुरळून जायचो, मग पुन्हा दोन दिवस पांघरूण. दुकान मी उघडायचे. वरच्या ओळींसाठी हे कामावरून येताना थांबायचे. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, पण शिडीवर चढला की घाबरतो, हे मला लग्नानंतर इतक्या वर्षांनी कळलं. शिंपीदादा येऊन काही न बोलता शटरला तेल घालून गेले.

हिवाळा सरता सरता डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता राहू देत आपल्या खोलीवर, लक्ष मात्र ठेवा. वन्सं गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी हे फोन हातात घेऊन बसले, लावेचनात.

"काय विचारू?" मला म्हणाले. "झोपलीस का विचारलं तर त्याला अर्थ नाही. जेवलीस का, त्यालाही नाही."

"काही विचारू नका. लावा तर खरं."

लावला. "ताई," म्हणाले, आणि पुढे सुचेना. सुचेना तेव्हा जे नेहमी करतात तेच केलं. विनोद सांगितला. तोच, लिफ्टमधल्या दोन साहेबांचा. मी चहाचं आधण ठेवता ठेवता थबकले.

पलीकडून हसू आलं नाही.

ह्यांनी फोन कानाला घट्ट दाबला. डोळे माझ्याकडे, विस्फारलेले. मग पलीकडचा आवाज मला ओट्यापर्यंत ऐकू आला, जरासा घोगरा, पण स्पष्ट.

"बाळ्या, हा झालाय सांगून. आणि आज मला हसायचं नाहीये. आजचा दिवस वाईट आहे. उठवत नाहीये. येतोस का?"

"आलो," हे म्हणाले. फोन न ठेवताच ह्यांनी चपला शोधायला सुरुवात केली. एक पलंगाखाली, दुसरी सापडेना. "नापास झाली," मला म्हणत होते, "अगं, नापास झाली ती!" आवाजात भीती होती. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ताईनं आपण होऊन बोलावलं, त्याचा आनंदही होता. मी गॅस बंद केला आणि दोघंही निघालो.